आरोची गावं आणि डॉ. लाम्बो

नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात लांतोरो नावाच्या भागात स्थानिक प्रशासनाचा एक तुरुंग होता. 1944 साली त्या तुरुंगात मनोरुग्णांना ठेवायला सुरुवात झाली. निमित्त दुसऱ्या महायुद्धाचं. पश्चिम आफ्रिकेतले हजारो जवान ब्रिटिशांच्या बाजूने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढत होते. त्यांच्या 81 व्या डिव्हिजनच्या तुकड्या 1943 मध्ये मुंबई बंदरात उतरून पुढे गेल्या होत्या. लढाईने मन मोडलेल्या जवानांना मायदेशी परत आणल्यावर ठेवायचं कुठे, याचं उत्तर सरकारला तुरुंगाच्या भिंतींत सापडलं. ‘न्यूरोसायकियाट्रिक हॉस्पिटल, आरो’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा जन्म असा झाला.

यात त्या काळच्या मानाने वावगं असं काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कालाबार आणि लागोसजवळच्या याबा इथे निघालेली वेड्यांची इस्पितळंही नावालाच इस्पितळं होती. उपचारापेक्षा बंदोबस्त महत्त्वाचा, आणि बंदोबस्तही इतरांना त्रास होऊ नये म्हणून. 1916 चा ‘ल्युनसी ऑर्डिनन्स’ हा कायदा याच हिशेबाने केलेला होता. आपल्याकडचा 1912 चा ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ आठवला तर ओळख पटायला वेळ लागणार नाही. दोन्हींमागे एकच साम्राज्य होतं आणि विचाराचा साचाही एकच.

लांतोरोची जागा अपुरी पडते आहे आणि खरंखुरं मनोरुग्णालय हवं, हे सरकारच्या लक्षात आलं. शहराबाहेर आरो इथे जागा ठरली, बांधकाम सुरू झालं. ते सरकारी बांधकामांसारखंच रेंगाळलं. 1954 मध्ये तिथला कारभार हाती घ्यायला थॉमस अडेओये लाम्बो हे 31 वर्षांचे डॉक्टर आले, तेव्हा इमारती पुऱ्या झालेल्या नव्हत्या. रुग्ण मात्र दारात उभे होते.

लाम्बो याच गावचे. 29 मार्च 1923 रोजी अबेओकुटात जन्म, शिक्षण तिथल्याच बॅप्टिस्ट बॉइज हायस्कुलात. पुढे ओलुसेगुन ओबासांजो आणि मोशूद अबिओला ही नायजेरियाच्या राजकारणातली दोन मोठी नावं याच शाळेतून निघाली, यावरून शाळेचा दबदबा कळावा. लाम्बो वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला गेले, 1948 मध्ये डॉक्टर झाले, मायदेशी येऊन काही काळ सरकारी नोकरी केली आणि मनोविकारशास्त्र शिकायला पुन्हा लंडनला, मॉडस्ली रुग्णालयाशी जोडलेल्या संस्थेत दाखल झाले. त्या काळी मॉडस्लीचा शिक्का म्हणजे या विषयातली शेवटची पायरी. आपल्या बंगळूरच्या मनोरुग्णालयाचे धुरीणही तिथेच शिकून आले होते. परतले तेव्हा लाम्बो हे पाश्चात्त्य पद्धतीचं पूर्ण प्रशिक्षण घेतलेले नायजेरियाचे पहिले मनोविकारतज्ज्ञ होते. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे 3 कोटी होती.

अर्धवट इमारत, हाताशी मोजकी माणसं आणि वाढती रांग. अशा वेळी दुसरा कुणी बांधकाम खात्याला पत्रं लिहीत बसला असता. लाम्बो आसपासच्या खेड्यांत गेले. आरोच्या परिसरात योरुबा समाजातल्या शेतकऱ्यांची लहान लहान गावं होती. तिथल्या प्रमुखांशी आणि घरमालकांशी त्यांनी बोलणी केली. रुग्ण तुमच्या घरात भाड्याने राहतील, सकाळी इस्पितळात येतील, उपचार घेऊन दुपारी परत जातील. अट एकच. रुग्णाबरोबर त्याचा किमान एक नातेवाईक आलाच पाहिजे. आई, बहीण, भाऊ, आत्या, कुणीही. पण त्याने रुग्णाबरोबर राहायचं, त्याला रांधून घालायचं, कपडे धुवायचे, रोज इस्पितळात घेऊन यायचं आणि परत न्यायचं.

हीच ती पुढे जगभर गाजलेली ‘आरो ग्रामयोजना’. मनोरुग्णालयांच्या इतिहासात तिला मोठं तात्त्विक वजन दिलं जातं आणि ते योग्यच आहे. पण तिचा उगम अडचणीतला आहे, हे या संस्थेच्या इतिहासात ठळकपणे लिहायला हवं. इमारत वेळेवर पुरी झाली असती, तर कदाचित आरोही याबासारखं आणखी एक कुंपणबंद इस्पितळ झालं असतं.

गावकऱ्यांनी हे का मानलं? भूतदयेने, असं म्हणायला सोपं आहे. लाम्बो यांनी भूतदयेवर भिस्त ठेवली नाही, यात त्यांचं प्रशासकीय शहाणपण दिसतं. घरमालकांना भाडं मिळे. घराला एक-दोन खोल्या वाढवायला इस्पितळ कर्ज देई. गावात पिण्याच्या पाण्याची आणि संडासांची सोय झाली, डासांचा बंदोबस्त झाला. गावातल्या काहींना इस्पितळात नोकऱ्या लागल्या. वेड लागलेल्या माणसाला शेजारी राहू देणं हे आता गावाच्या फायद्याचं होतं. फायद्यातून सवय लागली आणि सवयीने भीती गेली. रात्री गावात परिचारिकेची फेरी असे, म्हणजे काही बिनसलं तर माणूस हाताशी. संध्याकाळी गावातले नाच, प्रार्थना, विधी हे सगळं रुग्णांच्या आजूबाजूला नेहमीसारखं चालू राही.

दिवसाच्या उपचारांत मात्र काही कमी नव्हतं. विजेचे झटके होते, इन्शुलिनचे उपचार होते आणि 1950 च्या दशकात जगभर नव्याने आलेलं क्लोरप्रोमझिनही होतं. लाम्बो यांना कुणी ‘पाश्चात्त्य वैद्यक नाकारणारा’ म्हणून रंगवत असेल तर ते चूक आहे. त्यांनी औषध नाकारलं नाही, त्या काळचं जे चांगलं मिळेल ते वापरलं. नाकारली ती फक्त भिंत.

बेल्जियममधल्या गेल गावाशी आरोची तुलना नेहमी होते. गेलमध्ये मध्ययुगापासून मनोरुग्ण गावकऱ्यांच्या घरात राहत आले आहेत. तुलना वाजवी असली तरी त्यातला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. गेलमध्ये रुग्ण परक्या कुटुंबात राहतो, बहुतेकदा वर्षानुवर्षं. आरोत त्याच्या घरचंच माणूस त्याच्याबरोबर येऊन राहतं, आणि बरा झाला की दोघं मिळून घरी जातात. त्यामुळे घरी परतल्यावर ‘हा वेड्यांच्या इस्पितळातून आला’ या शिक्क्याची धार थोडी बोथट होई. आजाराची लक्षणं कोणती, औषध कसं द्यायचं, केव्हा सावध व्हायचं, हे ते नातेवाईक डोळ्यांनी पाहून शिकलेले असत.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात पेशंटच्या खाटेखाली चटई टाकून झोपणारा नातेवाईक कुणाला नवा नाही. पण ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर ही महाराष्ट्रातली जुनी मनोरुग्णालयं ब्रिटिश अमदानीतल्या चाकोरीत घडली, आणि तिथे त्याच नातेवाइकाची जागा फाटकाबाहेर होती. भारतातही साधारण आरोच्याच काळात ही चाकोरी मोडणारा एक माणूस होता. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना राहायला बोलावलं. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रानेही कुटुंबासह राहण्याची पद्धत रुजवली. सेनेगलमध्ये डकारच्या फान रुग्णालयात फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ आंरी कोलोम्ब यांनी रुग्णासोबत नातेवाईक ठेवण्याचा शिरस्ता पाडला. अमृतसर आणि अबेओकुटा यांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं. पैसा कमी आणि नाती घट्ट असलेल्या समाजांत हा उपाय सुचणं साहजिक होतं. तो सरकारी नियमांत बसवून दाखवणं अवघड होतं.

आता भगतांविषयी. लाम्बो यांनी योरुबा परंपरेतल्या वैदूंना आणि मांत्रिकांना आरोच्या कामात सामील करून घेतलं, आणि याच एका गोष्टीवरून त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिलं गेलं. परदेशी नियतकालिकांना त्यात नवल वाटलं. प्रत्यक्षात वैदूंची भूमिका मर्यादित होती. रुग्णाला आपल्या आजाराचा अर्थ कळावा, घरच्यांनी कुठलं संकट, कुठला शाप, कुठलं वैर मनात धरलं आहे ते बाहेर यावं आणि समाजाने त्याला परत सामावून घ्यावं, इतपत. औषधाच्या मात्रेचा निर्णय इस्पितळात होई.

लाम्बो यांनी स्वतः लिहून ठेवलेला एक रुग्ण इथे सांगण्यासारखा आहे. केंब्रिजला शिकलेला, राहणीने पुरता साहेबी असा एक तरुण नायजेरियन अधिकारी. अनेक लायक सहकाऱ्यांना मागे टाकून त्याला मोठी बढती मिळाली. काही आठवड्यांत त्याला अपघात झाला आणि तो थोडक्यात वाचला. त्यानंतर सहकारी आपल्या जिवावर उठले आहेत, या भीतीने त्याला घेरलं. नेहमीच्या उपचारांना दाद मिळेना. मग एक दिवस तो आला तो हसतमुख. आजोबा स्वप्नात आले होते. दीर्घायुष्याचं आश्वासन देऊन त्यांनी बोकड अर्पण करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी याने बोकड विकत घेतला, आजोबांनी सांगितलं तसं सगळं केलं आणि भीती गेली. शिक्षणाशी विसंगत वाटतं म्हणून या अनुभवाबद्दल तो फारसं बोलत नसे, असंही लाम्बो नमूद करतात. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही मनोविकारतज्ज्ञाच्या रजिस्टरात असा अधिकारी सापडेल. बोकडाच्या जागी कोंबडा किंवा नारळ असेल, एवढंच.

वैदूंच्या पिशवीत नुसते मंत्र नव्हते. 1957 ते 1959 या काळात आरोत काम केलेले कॅनेडियन मनोविकारतज्ज्ञ रेमंड प्रिन्स यांनी दाखवून दिलं की योरुबा वैदू उन्मादावर रावोल्फिया जातीच्या झाडाची मुळी वापरतात. ही आपल्या सर्पगंधेची आफ्रिकी बहीण. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून जगापुढे ठेवणारे डॉ. रुस्तम जाल वकील मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले. त्यानंतर काही वर्षांत तिच्यातून काढलेलं रिसर्पिन मनोरुग्णालयांत पोहोचलं. दोन खंडांतल्या वैदूंनी एकाच कुळातलं झाड एकाच आजारासाठी हेरावं, ही गोष्ट या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

लाम्बो यांच्या वाट्याला आणखी एक लढाई होती, ती कागदावरची. नैरोबीच्या माथारी मनोरुग्णालयाचे प्रमुख राहिलेले जे. सी. कॅरॉथर्स यांनी आफ्रिकी मनाविषयी एक मोठा प्रबंध लिहिला. 1953 मध्ये तो जागतिक आरोग्य संघटनेनेच प्रसिद्ध केला. आफ्रिकी माणसाच्या मेंदूच्या पुढच्या भागाचा वापर कमी होतो, मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या युरोपियन रुग्णाशी त्याचं वागणं जुळतं, त्याला खरंखुरं नैराश्य क्वचितच येतं, अशी कॅरॉथर्स यांची मतं. ती मतं वसाहतीतल्या अधिकाऱ्यांना सोयीची होती. लाम्बो यांनी 1955 पासून शोधनिबंधांतून या विचाराला विरोध केला आणि अशा लिखाणाची गणना विज्ञानात होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं.

नुसत्या विरोधावर ते थांबले नाहीत. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ॲलेक्झांडर लेटन कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात लोकवस्तीतल्या मनोविकारांची पाहणी करत होते. तशीच पाहणी 1961 मध्ये अबेओकुटा आणि भोवतालच्या खेड्यांत झाली. ‘कॉर्नेल-आरो प्रकल्प’ म्हणून ती ओळखली जाते. 1963 मध्ये निष्कर्ष ग्रंथरूपाने आले. योरुबा खेडुतांत नैराश्याची लक्षणं होती, आणि भरपूर होती. ती दिसत नव्हती याचं कारण एवढंच, की कुंपणबंद इस्पितळात फक्त आरडाओरडा करणारा रुग्ण आणला जातो. गप्प बसलेला घरीच राहतो.

1960 च्या ऑक्टोबरात नायजेरिया स्वतंत्र झाला आणि 1961 च्या नोव्हेंबरात पहिली अखिल आफ्रिकी मनोविकारतज्ज्ञ परिषद अबेओकुटात भरली. वर्षभरापूर्वी स्वतंत्र झालेल्या देशातल्या एका लहान शहरात खंडभरातले आणि बाहेरचे डॉक्टर गोळा झाले, आरोची गावं पायी हिंडले. या पिढीत लाम्बो यांच्या तोडीचं आणखी एक नाव होतं, सुदानचे तिजानी अल-माही. त्यांचाही पारंपरिक उपचारकांशी संवाद होता. पुढे 1964-65 मध्ये ते सुदानच्या पाच जणांच्या सर्वोच्च सत्तामंडळाचे सदस्य झाले. मनोविकारतज्ज्ञाने देशाच्या प्रमुखपदाचा वाटेकरी व्हावं, हे आपल्याकडे कल्पनेतही येणार नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या त्या देशांत शिकलेली माणसंच इतकी थोडी होती की चांगल्या डॉक्टरला दवाखान्यात राहू देणं सरकारला परवडत नसे.

लाम्बो यांच्याबाबतीतही तेच झालं. 1963 मध्ये ते इबादान विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले, 1966 मध्ये वैद्यक शाखेचे अधिष्ठाता झाले आणि 1968 मध्ये कुलगुरू. आरोची सूत्रं डॉ. तोलानी असुनी यांच्याकडे आली.

कुलगुरूपदाचा काळ सुखाचा नव्हता. 1967 ते 1970 देश यादवी युद्धात होरपळत होता. इबादान विद्यापीठातले पूर्व भागातले अनेक शिक्षक आणि विद्यार्थी युद्धाआधीच निघून गेले होते. युद्ध संपून जेमतेम वर्ष उलटलं आणि 1 फेब्रुवारी 1971 रोजी वसतिगृहाच्या भोजनालयावरून पेटलेल्या आंदोलनात पोलिसांनी गोळीबार केला. कुन्ले अडेपेजू हा विद्यार्थी ठार झाला. नायजेरियाच्या विद्यार्थी चळवळीत हा दिवस आजही पाळला जातो. मोठ्या माणसांच्या गौरवलेखांत असे दिवस सहसा गाळले जातात. मनाची नाडी ओळखणाऱ्याच्या कारकिर्दीत, जेवणाच्या तक्रारीतून सुरू झालेलं प्रकरण गोळीबारापर्यंत गेलं, ही नोंद गाळून लाम्बो यांची कारकीर्द लिहिणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. आरोच्या गावात त्यांनी जे साधलं होतं, ते लष्करी राजवटीतल्या विद्यापीठात साधता आलं नाही.

त्याच वर्षी ते जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक म्हणून गेले आणि 1973 मध्ये उपमहासंचालक झाले. ज्या संघटनेने वीस वर्षांपूर्वी कॅरॉथर्स यांचा प्रबंध छापला, तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या खुर्चीत अबेओकुटाचा डॉक्टर बसला. महासंचालक होते डेन्मार्कचे हाफडान माहलर, ज्यांनी 1950 च्या दशकात भारतात क्षयरोग नियंत्रणाचं काम केलं होतं. ही जोडी 1988 पर्यंत टिकली. 1978 ची आल्मा-आटाची परिषद, ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा, पारंपरिक वैद्यकाकडे बघण्याची संघटनेची बदललेली नजर, हे सगळं याच काळातलं. यातलं किती माहलर यांचं, किती लाम्बो यांचं, किती त्यांच्या हाताखालच्या तज्ज्ञांचं, याची वाटणी करता येत नाही, आणि करूही नये. मोठ्या कचेरीतलं काम असंच असतं. सहीवरून कर्तेपण ठरत नाही.

भारताच्या दृष्टीने या काळातल्या दोन गोष्टी मोलाच्या. पहिली, संघटनेचा स्किझोफ्रेनियावरचा आंतरराष्ट्रीय अभ्यास. 1960 च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या या अभ्यासात नऊ केंद्रं होती: आर्हुस, आग्रा, काली, इबादान, लंडन, मॉस्को, प्राग, तैपेई आणि वॉशिंग्टन. 1,202 रुग्ण नोंदवले गेले. निष्कर्षाने सगळ्यांच्या भुवया उंचावल्या. इबादान, आग्रा आणि कोलंबियातल्या काली इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे सावरले होते. आरोच्या समर्थकांना हा कौल आपल्याच बाजूचा वाटला तर नवल नाही. मात्र तो शेवटचा शब्द ठरला नाही. 2008 मध्ये चार संशोधकांनी या गृहीतकावर प्रश्नचिन्ह लावलं. त्यांत गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचे सहसंस्थापक डॉ. विक्रम पटेल होते, चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेच्या डॉ. आर. थारा होत्या आणि खुद्द इबादानचे डॉ. ओये गुरेजे होते. गरीब देशांतल्या रुग्णांची स्थिती सरसकट चांगली असते, असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही, असं त्यांचं म्हणणं. घरचं माणूस जवळ असणं वेगळं आणि घरच्या माणसाच्या भरवशावर सरकारने हात झटकणं वेगळं, हा भेद या चर्चेमुळे पुढे आला.

दुसरी गोष्ट ग्रामीण सेवेची. मानसिक आरोग्यसेवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून देता येते, असा अहवाल संघटनेच्या तज्ज्ञ समितीने 1975 मध्ये दिला. तो आजमावायला निवडलेल्या क्षेत्रांत हरियाणातलं रायपूर राणी होतं, चंदीगडच्या डॉ. एन. एन. विग आणि सहकाऱ्यांनी तिथे काम केलं. बंगळूरजवळच्या सकलवाराचे प्रयोगही त्याच दशकातले. या दोन्हींच्या पायावर 1982 मध्ये भारताचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला.

इकडे आरोत काय चाललं होतं? डॉ. असुनी हे लाम्बो यांच्यासारखे वक्ते नव्हते, पण संस्था चालवण्याचा पिंड त्यांचा होता. त्यांनी आरोचे आकडे आणि अनुभव शांतपणे तपासले. ग्रामयोजनेचं मोल त्यांना मान्य होतं. पारंपरिक उपचारकांबद्दल मात्र ते लाम्बो यांच्याइतके उत्साही नव्हते. वैदूच्या आवारात रुग्णाला मिळणारी वागणूक नेहमीच मायेची नसते, साखळी आणि मारही तिथे असतो, हे त्यांना दिसत होतं. त्यांची शंका निराधार नव्हती. 2019 मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने नायजेरियातल्या धार्मिक आणि पारंपरिक उपचारकेंद्रांत साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांची स्थिती जगापुढे मांडली.

ग्रामयोजना काळाच्या ओघात पूर्वीच्या रूपात टिकली नाही. तेलाच्या पैशाने आणि शहरीकरणाने अबेओकुटा वाढलं. महिनोन्महिने घरदार सोडून रुग्णाबरोबर राहील असं माणूस मिळणं कठीण झालं. आणि एक बाजू तर सुरुवातीपासूनच होती, जिच्याबद्दल कौतुकाच्या भरात कमी लिहिलं गेलं. बरोबर येणारं माणूस बहुतेकदा बाई असे. तिचं शेत, तिची बाजारातली जागा, तिची बाकीची मुलं मागे राहत. योजनेचा खर्च कमी होता याचं एक कारण, तिची मजुरी कुणी हिशेबात धरली नाही. शिवाय ज्याला घरच्यांनीच टाकलं, जो रस्त्यावर सापडला, ज्याला पोलिसांनी आणलं, त्याच्यासाठी गावात जागा नव्हती. तो इस्पितळाच्या वॉर्डात किंवा लांतोरोत राही. लांतोरो आजही संस्थेची शाखा म्हणून चालू आहे.

एवढं सांगूनही आरोचा ठसा पुसला जात नाही. संस्था आज केंद्र सरकारच्या अखत्यारीत आहे, मनोविकारतज्ज्ञ आणि मानसोपचार परिचारिका घडवणाऱ्या देशातल्या प्रमुख ठिकाणांपैकी एक आहे. 2011 च्या सुमारास तिने ओगुन राज्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना मनोविकार ओळखण्याचं आणि उपचारांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. तज्ज्ञ कमी आणि रुग्ण जास्त, हे गणित 1954 सारखंच आहे. फरक इतका की पूर्वी रुग्ण कुटुंबासह आरोला येत, आता आरोचे डॉक्टर गावोगावी जातात.

भारतात 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अल्पवयीन रुग्णाला दाखल करताना त्याच्यासोबत नामनिर्देशित प्रतिनिधी किंवा सोबतीच्या व्यक्तीने सतत राहणं बंधनकारक केलं आहे. प्रौढ रुग्णासाठी तशी सोय आहे की नाही, हे अजून ज्या त्या इस्पितळाच्या मर्जीवर आणि जागेवर ठरतं. मनोरुग्णालयाच्या नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी आरोच्या इतिहासातलं एवढं एक पान जरूर वाचावं. सोबतीच्या माणसासाठी एक खाट, स्वयंपाकाची जागा आणि नळ, यांना लागणारा खर्च वॉर्डच्या लोखंडी जाळ्यांपेक्षा जास्त नाही.

निवृत्तीनंतर लाम्बो नायजेरियाला परतले. 13 मार्च 2004 रोजी, वयाची 81 वर्षं पुरी व्हायला 16 दिवस असताना, त्यांचं निधन झालं. 1916 च्या वटहुकुमाचं 1958 मध्ये ‘ल्युनसी ॲक्ट’ असं नाव झालं, आणि तोच कायदा त्यांच्या हयातभर देशात लागू राहिला. आरोत आणि इबादानमध्ये त्यांनी जे केलं ते याच कायद्याच्या छायेत. तो हटवणारा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायदा नायजेरियात जानेवारी 2023 मध्ये आला.